अर्ध्या मिशीचा सिनेमा

हल्ली रस्त्यात अर्ध्या मिशीची मुलं दिसतात. उजवीकडे झुपकेदार मिशी आणि डावीकडे गुळगुळीत. परवा टोमॅटो निवडताना असाच एक जण माझ्या शेजारी उभा होता आणि त्याने मिशी डावीकडे ठेवली होती. चूक दिसली की गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हटलं, "अरे, बाजू चुकली तुझी." तो म्हणाला, "काकू, तो एक सिनेमा आहे. तुम्हाला नाही कळायचं." मी टोमॅटो घेतले आणि घरी आले. सिनेमा माझ्या धाकट्या बहिणीचा, मिशी माझ्या नवऱ्याची आणि ती अर्धी केली माझ्या वडिलांनी, हे त्याला कुठे सांगत बसू?

गुन्हेगारीचे सिनेमे काढणारी पोरं आता धाकटीला शोधत येतात. तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंफल्या, शेवटचा धक्का कधी सुचला, असं वहीपेन घेऊन विचारतात. धाकटी अशी चलाख, की हनुवटीवर बोट ठेवून म्हणते, "तो विचार माझ्या मनात सुरुवातीपासूनच होता." होता कसला. तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं, की आता काकाच्या विमा कचेरीत खुर्ची उबवत बसावं लागणार.

म्हणून खरं काय झालं ते मीच सांगते, आणि क्रमाने सांगते, कारण आमच्या घरात क्रमाने सांगणारी मी एकटीच आहे.

आमची धाकटी म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. पोहायला शिकायला गेली, ती तरंगता आल्यावर थांबली. मातीची भांडी करायला गेली. तिने केलेली किटली अजून आमच्याकडे आहे, तिला तोटी नाही. आईच्या कपाटात तिने विणायला घेतलेला एक निळा स्वेटर आहे, त्याला एकच बाही आहे. कुणी धाकटीचं कौतुक करायला लागलं की आई उठते, कपाट उघडते आणि तो स्वेटर आणून समोर ठेवते.

त्यामुळे धाकटीने जेवताना जाहीर केलं की ती सिनेमा काढतेय, तेव्हा आई ताटावरून उठायलाच लागली होती. धाकटीने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"हा पूर्ण करणार," ती म्हणाली. "नाही झाला तर काकाच्या कचेरीत जाईन. मग पुन्हा कधी कशाचं नाव काढणार नाही."

"पूर्ण झाला की बोलव," आई म्हणाली. "अर्धवट गोष्टी बघून माझे डोळे दमलेत. तोवर मी ह्यांच्या दुकानाची पायरीसुद्धा चढणार नाही."

दुकानाचा विषय निघाला, कारण सिनेमा तिथेच काढायचा होता. आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक बाक, आणि समोर, मागे, बाजूला आरसे. बाजाराची सुट्टी असते त्या दिवशी ते बंद असतं. कॅमेरा होता धाकटीच्या एका वर्गमित्राचा, त्याला आम्ही कॅमेरेवालाच म्हणायचो. शूटिंग सुरू झाल्यापासून दोन महिन्यांनी तो प्रवासी बोटीवर नोकरीला जाणार होता आणि कॅमेराही त्याच्याबरोबर जाणार होता. तेवढ्यात काय ते उरकायचं होतं.

सिनेमात तीन गोष्टी होत्या. एक मारेकरी, त्याने खून केलाय आणि तो होताना कुणीतरी बघितलंय. एक कारकून, ज्याने तो बघितलाय आणि आता लपत फिरतोय. आणि एक न्हावी, ज्याच्या खुर्चीत हे दोघंही येऊन बसतात आणि दोघंही ज्याच्याशी मोकळं बोलतात. न्हावी म्हणजे आप्पा. कारकून म्हणजे कॅमेरेवाल्याचा मावसभाऊ. आणि मारेकरी म्हणजे, हसू नका, माझा नवरा.

माझा नवरा आप्पांच्याच रांगेत तीन दुकानं सोडून चष्म्यांचं दुकान चालवतो. मुंगी चावली तर 'तुला लागलं का' असं तिलाच विचारील असा माणूस. पण लहानपणी नाकावर चेंडू बसून त्याचं नाक एका बाजूला कललंय, आणि त्यामुळे उजवीकडून तो चांगलाच खुनशी दिसतो. डावीकडून दिसतो तो खरा, गरीब गाय. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उजवीकडून. डावी बाजू लग्न ठरल्यावर कळली, तोवर उशीर झाला होता.

माझ्याकडे काम आलं सातत्याचं. सिनेमा सलग काढत नाहीत. शेवट आधी काढतात, मधलं नंतर, आणि एकाच संवादाचे दोन तुकडे दोन वेगळ्या आठवड्यांत. तेव्हा शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, पेला किती भरलेला होता, घड्याळ कुठल्या हातात होतं, हे सगळं एकाने ध्यानात ठेवावं लागतं. धाकटी म्हणाली, "ताई, तू आयुष्यभर फुकट चुका काढत आलीस. आता कामासाठी काढ." मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मारेकऱ्याला मिशी हवी होती. नवऱ्याने सात महिने ती राखली, तेल लावून जोपासली, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की आरशात बघून तिच्यावर ताव मारायला लागला. त्या काळात मी एक कडक नियम केला होता, की आप्पांच्या खुर्चीत बसायचं नाही. कारण आमचं लग्न झाल्यापासून दर सुट्टीच्या सकाळी आप्पाच जावयाची दाढी करायचे, दाढी-मिशी सगळं चकचकीत, आणि खुर्ची मागे कलली की जावई झोपायचा. मिशीला धोका नको म्हणून मी हे बंद केलं. आता वाटतं, सात महिने त्या मिशीशी आप्पांच्या हाताची ओळखच होऊ दिली नाही मी.

तो दिवस मला नीट आठवतो. मारेकरी दाढीला बसलाय, न्हावी बोलता बोलता त्याच्याकडून सगळं काढून घेतोय, असा लांबलचक, न तोडता घ्यायचा शॉट होता. वस्तऱ्याला पातं नसावं असं ठरलं होतं. आप्पांनी ते गुपचूप घातलं. नंतर म्हणाले, "पात्याशिवाय वस्तरा माणसाच्या गालाला लावायचा म्हणजे फसवणूक झाली ती." धाकटीने बजावलं होतं, की काही झालं तरी ती 'कट' म्हणेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

आप्पांनी फेस केला. खुर्ची मागे कलली. नवऱ्याने पहिली दोन वाक्यं छान खर्जात म्हटली आणि सात महिन्यांचा उपाशी माणूस जेवणावर तुटून पडावा तसा तो झोपला. आप्पांनी अजिबात गडबड केली नाही. त्यांनी आपली वाक्यंही म्हटली आणि मारेकऱ्याचीही म्हटली, अगदी त्याच्या कानाशी, हळू आवाजात. अंगावर काटा आला माझ्या. कॅमेरेवाला श्वास रोखून होता. आणि बोलता बोलता आप्पांचा हात जावयाच्या डाव्या गालावरून, वर्षानुवर्षं जायचा तसा, अलगद वर गेला, ओठावर वळला, आणि नाकाच्या मध्यापर्यंत आला.

"आप्पा, मिशी!" मी ओरडले.

आप्पांनी हाताकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. जावई जागा झाला, "झालं का?" म्हणाला आणि सवयीने ओठावरून बोटं फिरवायला गेला. डावीकडे बोटांना काहीच सापडलं नाही.

धाकटी बाकावर बसली. "ओरडलीस कशाला? इतका सुंदर शॉट चालला होता."

"ओरडले नसते तर उरलेलीही गेली असती."

"अर्धी घेऊन मी काय करू? मारेकऱ्याचे निम्मे प्रसंग राहिलेत अजून."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आप्पा मात्र वस्तरा हातात घेऊन तसेच उभे होते. "उरलेली तरी काढू दे," ते म्हणाले. "माझ्या दुकानातून आजवर अर्ध्या कामाने कुणी बाहेर गेलेलं नाही." धाकटी म्हणाली, "नको आप्पा, थांबा. मला विचार करू दे." आप्पांनी वस्तरा पुसला, मिटला आणि खणात ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी तो बाहेर काढला नाही. कैचीने केस कापायचे, पण दाढीचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "पलीकडच्या दुकानात जा, माझ्या हाताला हल्ली माझं ऐकू येत नाही." ते हसत म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खोटी मिशीही लावून पाहिली. हसलं की ती सुटायची, आणि माझ्या नवऱ्याला घाबरला की हसायची सवय. तेवढ्यात मावसभावाला परगावी नोकरी लागली आणि आमचा कारकूनही गेला. जाताना म्हणाला, माझे जे दोन प्रसंग झालेत ते मला आठवण म्हणून पाठवा. आता आमच्याकडे अर्धा मारेकरी होता आणि कारकून शून्य.

नवऱ्याचे हाल विचारू नका. दुकानात तो गुळगुळीत बाजूवर चिकटपट्टी लावून बसायचा. दुपारपर्यंत घामाने ती सुटायची. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "नंबर चुकलाय तुमचा. यातून तुमची मिशी अर्धीच दिसते." तीन चष्मे परत आले. चौथ्याला त्याने खरं सांगितलं, तर तो माणूस म्हणाला की आता त्याला ऐकूही नीट येत नाहीये.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी धाकटी आमच्याकडे आली. मी टेबलावर सातत्याचे फोटो मांडून बसले होते. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "उद्या काकाला फोन करते." तिचे डोळे सुजलेले होते. मी लहानपणापासून तिच्या हजार चुका काढल्या, पण तिला अशी बसलेली बघणं मला सहन होत नव्हतं. प्रेमाचं बोलायला गेले की माझ्या तोंडून चूकच निघते.

नवरा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आला, ठेवला, आणि साखर आणायला परत गेला. दाराकडून टेबलाकडे येताना त्याची उजवी बाजू आमच्याकडे असते, जाताना डावी. मी फोटोंवरून मान वर करून नुसती बघत होते, आणि चिडून म्हटलं, "याचं काही जुळतच नाही. येतो एक माणूस आणि जातो दुसराच."

धाकटीने वर पाहिलं. "परत ये," ती नवऱ्याला म्हणाली. तो आला. "जा." तो गेला. "परत ये, साखर घेऊन ये, हळू ये." तो गेला आणि आला, आला आणि गेला, साखर हातातच होती. चहा थंड झाला. धाकटी खुर्चीवर उभी राहिली.

"कारकून तूच," ती म्हणाली. "मारेकरीही तूच. उजवीकडून घेतला की मारेकरी, डावीकडून घेतला की कारकून. लोकांना वाटणार दोन माणसं आहेत, एक दुसऱ्याला शोधतोय. आणि असतो एकच. खून करणारा आणि खून बघणारा एकच माणूस, ताई. तो स्वतःलाच शोधतोय. स्वतःपासूनच लपतोय."

"पण मग मला पगार दोन माणसांचा मिळणार का?" नवऱ्याने विचारलं. त्याला कुणी पगार देतच नव्हतं, पण त्याची चेष्टा अशीच असते, हळूच. मला एवढं हसू आलं की ठसका लागला. धाकटी मला मिठी मारून नाचायला लागली, खुर्ची कलंडली, साखर सांडली आणि आम्ही तिघंही साखरेत बसून हसत राहिलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं.

मग पाच सुट्ट्या आम्ही पिसाटल्यासारखं काम केलं. समोरून घेतलेले सगळे जुने शॉट फेकून दिले. माझं काम म्हणजे माझ्या नवऱ्याला कानाला धरून फिरवणं. मारेकरी आहेस ना, मग मान वळवायची नाही. कारकून आहेस ना, मग कॅमेऱ्याकडे डावाच गाल. त्याने एकदा शिंकताना मान वळवली आणि दोन्ही माणसं एकाच शॉटमध्ये आली. आरशांनी तर नाकी नऊ आणले, कारण आरशात डावं उजवं होतं आणि मारेकऱ्याचा कारकून होतो. शेवटी मी दुकानातले सगळे आरसे टॉवेल टाकून झाकले. रोज सकाळी डाव्या बाजूचे खुंट मीच काढायचे, घरच्या रेझरने. घरी मी त्याला अरे म्हणते, आईआप्पांसमोर अहो. त्या पाच आठवड्यांत मी डाव्या बाजूला अरे म्हणायला लागले आणि उजव्या बाजूला अहो.

आई पायरी चढली नाही. आम्ही घरी गेलो की ती एवढंच विचारायची, "झालं पूर्ण?" आम्ही नाही म्हणायचो. ती कपाटाकडे बघायची.

शेवटी एकच शॉट राहिला. तो असा होता. कारकून खुर्चीत बसलाय आणि आपल्याला त्याचा डावा, गुळगुळीत गाल दिसतोय. पलीकडच्या भिंतीवरच्या आरशावरचा टॉवेल न्हावी खाली ओढतो, आणि आरशात त्याचीच उजवी बाजू दिसते, मिशीसकट. खुर्चीत कारकून, आरशात मारेकरी. दोघांची पहिल्यांदा गाठ पडते. आणि मग न्हावी वस्तरा घेऊन आरशातला मारेकरी पुसून टाकतो. मिशी एकच, तीही अर्धी. म्हणजे शॉट एकदाच मिळणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरेवाल्याची बोट सुटणार होती.

"मला नाही जमायचं," आप्पा धाकटीला म्हणाले. "तुझं एकदा वाटोळं केलंय या हाताने. दुसरा कुणी न्हावी बघ."

"वाटोळं कुठे आप्पा, त्याच्यामुळेच तर सिनेमा झाला."

"ते तुझं. माझ्यापुरतं ते अर्धं राहिलेलं कामच आहे." मग म्हणाले, "पण पुरं करायचं असेल तर मीच करायला हवं."

त्या दिवशी आप्पा घरून फार लवकर निघाले. दुकान झाडलं, खुर्ची पुसली, वस्तऱ्यात नवं पातं घालून तो कितीतरी वेळ निरखला. धाकटीने 'कॅमेरा' म्हटलं. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिले आणि खबरदारी म्हणून टॉवेलाचं टोक तोंडात धरलं.

आप्पांनी टॉवेल ओढला. आरशात मारेकरी आला. कारकुनाने हळू आवाजात विचारलं, "तू किती दिवस माझ्या मागे आहेस?" आणि मारेकऱ्याच्या खर्जात त्यानेच उत्तर दिलं, "जेवढे दिवस तू पळतोयस." आप्पांनी फेस लावला. वस्तरा उघडला. पुढे झाले. आणि त्याच क्षणी मला दिसलं, की आप्पांच्या नाकावर चष्मा नाही.

सगळ्या सिनेमाभर न्हाव्याला चष्मा आहे. माझ्याच नवऱ्याने करून दिलेला, जाड काळ्या कडांचा. प्रत्येक प्रसंगात आहे. आणि शेवटच्या, एकुलत्या एक, पुन्हा न मिळणाऱ्या शॉटमध्ये न्हावी चष्म्याशिवाय उभा होता. घाबरून घरी विसरले होते बिचारे. मी टॉवेल दातांत इतका दाबला की धागे जिभेवर आले. ओरडले तर शॉट गेला आणि सिनेमा गेला, धाकटी कचेरीत गेली. नाही ओरडले तर जगातली सगळ्यात मोठी चूक माझ्या नावावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. मी मूग गिळून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि आप्पांचा हात थांबला. वस्तरा मिशीपासून बोटभर अंतरावर, हवेत. त्यांना दिसत नव्हतं, की धीर होत नव्हता, कुणास ठाऊक. हात किंचित हलत होता. नवऱ्याने डोळे मिटले नव्हते, तो आरशातून आप्पांकडे बघत होता, अगदी शांत. धाकटीचं तोंड 'कट' म्हणायला उघडलेलं मला दिसलं, आणि तिने ते मिटलं. ती रडत होती. कुणीच काही करू शकत नव्हतं.

दुकानाचं दार उघडलं आणि आई आत आली.

तिला धाप लागली होती. हातात चष्म्याचं घर होतं. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, धाकटीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. सरळ खुर्चीपाशी गेली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि आप्पांच्या नाकावर चढवला.

"चष्मा घरी ठेवून वस्तरा हातात घेता?" ती म्हणाली. मग तिने खुर्चीतल्या माणसाकडे वाकून बघितलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. "आणि तुम्ही किती दिवस असे अर्धे फिरणार, जावईबापू?"

"आज संपतंय," तो म्हणाला. कारकुनाच्या आवाजात म्हणाला की मारेकऱ्याच्या, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

"मग पुरं करा ते," आई आप्पांना म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली.

आप्पांनी पुरं केलं. हात हलला नाही. तीन वेळा वस्तरा फिरला आणि आरशातला मारेकरी नाहीसा झाला. खुर्चीत राहिला माझा नवरा, दोन्हीकडून गुळगुळीत, दोन्हीकडून गरीब गाय. आप्पांनी टॉवेलाने त्याचा चेहरा टिपला, मान झटकली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, "चला, पुढचं गिऱ्हाईक." पुढचं गिऱ्हाईक म्हणून बाकावर आईच बसली होती. तिने वर बघितलं. तिथे धाकटी 'कट' म्हणाली.

आता विद्वान लोक लिहितात, की ती म्हातारी बाई म्हणजे सगळ्या टोळीची खरी मालकीण, ती शेवटच्या दोन मिनिटांत येते आणि मारेकरी, कारकून, न्हावी तिघंही तिच्यासमोर लहान होतात. त्यानंतरच्या गुन्हेगारी सिनेमांत बघा, कुणी ना कुणी वयस्क बाई दार उघडून आत येतेच, हातात काहीतरी घरगुती वस्तू घेऊन, आणि पिस्तुलवाले उभे राहतात. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं. आई ते वाचते आणि म्हणते, "मी चष्मा द्यायला गेले होते."

पण ते पुढचं. तेव्हा दुकानात काय झालं ते सांगते. कॅमेरेवाला जमिनीवरच बसला. आप्पा वस्तऱ्याकडे बघून हसत होते, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी पलीकडच्या दुकानातली आपली सगळी दाढीची गिऱ्हाइकं परत बोलावली. आई बाकावरून उठली.

"झालं पूर्ण?" तिने विचारलं.

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"बरं," आई म्हणाली. मग तिने धाकटीच्या गालावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "तो स्वेटर मी उसवून टाकते आता."

धाकटी माझ्याकडे वळली. डोळे पुसत, हसत, आणि भीतभीत. मी काही म्हणण्याची ती वाट बघत होती. जन्मल्यापासून ती त्याचीच वाट बघत आलीय, हे मला तेव्हा कळलं.

मला एक चूक दिसली होती. आई दारातून आत आली तेव्हाच दिसली होती. शॉटमध्ये ती स्पष्ट दिसते, तुम्हीही बघा. आईच्या उजव्या पायात तिची स्वतःची चप्पल आहे आणि डाव्या पायात आप्पांची. पायरीही चढणार नाही म्हणणारी बाई आरशासमोरचा चष्मा बघून घरातून जी धावत सुटली, तिला पायात काय सरकवलं याचंही भान नव्हतं.

"सांग ना, ताई," धाकटी म्हणाली. "काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "एकही चूक नाही."